सहाशे ग्रॅम

हे लिहायचंच नाही, असं अंकुरनं दोनदा ठरवलं होतं. एकदा तर मोबाइलवर टाइप केलेलं सगळं पुसून टाकलं. कारण यात एक माणूस महिनाभर खोटं बोलतो, आणि तो माणूस तोच आहे. 'मी' म्हणून लिहायला गेलं की अंगठा अडतो. म्हणून मग 'अंकुर' म्हणूनच.

तर अंकुर दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसला होता आणि पिवळ्या थैलीची शिवण ब्लेडनं उसवत होता.

दुपारची वेळ. मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर त्यानं पेपर अंथरला होता. शिवण चार बोटं उसवली तशी तूरडाळ घरंगळत बाहेर आली. त्यानं दोन मुठी डाळ पेपरवर काढली आणि थैली शेजारच्या किराणावाल्याकडून आणलेल्या छोट्या काट्यावर ठेवली. तीनशे नव्वद. अजून एक मूठ काढली. तीनशे चाळीस. मग खिशातून कापूस काढला, बोटांनी पिंजला आणि डाळीच्या भोवती कोंबून बसवला, म्हणजे थैली आधीसारखीच फुगीर दिसेल. सुईनं शिवण टाचली. थैलीवर स्केचपेननं ठळक लिहिलेलं होतं: ६००.

ही दुसरी वेळ होती.

ही थैली म्हणजे कॅमेरा. अंकुरच्या मित्राला, जीवनला, झूमवाला कॅमेरा घ्यायचा होता. पांढरकवड्यात असला कॅमेरा हातात घेऊन पाहायला मिळत नाही, दुकानादुकानांत नुसते मोबाइल. यवतमाळच्या एका स्टुडिओवाल्यानं सांगितलं होतं, आधी पसंत करा, मग नागपूरहून दोन मागवून देतो. मग दोघांनी मोबाइलवर पाहून पाहून तीन कॅमेरे निवडले. लहान, मधला, मोठा. झूम किती, बॅटरी किती, सगळं वाचून कळतं. वजन मात्र वाचून कळत नाही. आणि जीवनच्या बाबतीत सगळं अडत होतं ते वजनापाशीच.

जीवनच्या दोन्ही किडन्या दीड वर्षापूर्वी गेल्या. तेव्हा तो सव्वीसचा होता. मंगळवारी आणि शुक्रवारी यवतमाळला डायलिसिस. त्यासाठी हाताच्या दोन नसा जोडून फुगवटा करतात, त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर कान ठेवला तर आत चक्की चालल्यासारखी घरघर ऐकू येते. डाव्या हातावरचा दिवाळीत बंद पडला आणि जाताना तीन बोटं बधिर करून गेला. मग उजव्या हातावर नवा केला. त्या हातानं जड उचलायचं नाही, त्यावर घड्याळ बांधायचं नाही, त्या कुशीवर झोपायचंही नाही. आणि जगातल्या झाडून सगळ्या कॅमेऱ्यांचं बटन उजव्या बाजूला.

"कंपनीवाल्याइले डावा हात म्हून काही असते हेच माहीत नाही," जीवन म्हणाला होता.

थैल्यांची कल्पना त्याचीच. त्याच्या आईनं, कांताबाईनं, जुन्या झंपरांच्या तीन थैल्या शिवल्या. हिरवीत तीनशे ग्रॅम डाळ, लालमध्ये साडेचारशे, पिवळीत सहाशे. थैली उजव्या हातानं डोळ्यापर्यंत उचलायची आणि वीस मोजेपर्यंत हलू द्यायची नाही. वीसच का, तर जीवनचं घर गावाच्या कडेला, आणि त्याच्या स्लॅबवरून लांब हायवे दिसतो. ट्रक वळणावर दिसायला लागल्यापासून ते चिंचेच्या झाडामागं जाईपर्यंत बरोब्बर वीस आकडे होतात.

ट्रकचं वेड जुनं. जीवननं एका जिनिंगच्या काट्यावर आठ सीझन काढले. बैलगाडीतला, पिकअपमधला, डोक्यावरच्या गाठोड्यातला, सगळ्यांचा कापूस त्याच्या हाताखालून जायचा. कोणी पाणी मारून आणला, कोणी मधे गोटा लपवला, तरी काट्याला लावायच्या आधीच हा सांगायचा. गाठोड्याचं एक टोक उचलून किलो सांगायचा आणि लोक चहाची पैज लावून हरायचे. सरकी न्यायला, गाठी न्यायला देशभरचे ट्रक यायचे. तो ड्रायव्हरला विचारायचा, कुठचा, घर कसं आहे, समुद्र लागतो का मधे. स्वतः मात्र आदिलाबादच्या पुढे गेला नाही. सुट्टीत अंकुरला मागं बसवून मोटरसायकलनं कळंब, टिपेश्वर, सहस्रकुंड. मोबाइलनं फोटो काढायचे; झाडावरचा पक्षी काढला तर फोटोत नुसता ठिपका यायचा. 'एकदा कॅमेरा घेऊ अन् ट्रकमध्येच बसून जाऊ,' हे दरवर्षी ठरायचं.

आता दोन डायलिसिसच्या मधे जेवढं जाऊन येता येईल, तेवढंच जग उरलं होतं. मोटरसायकल विकली. कॅमेरा त्याच पैशांतून घ्यायचा होता.

"आपल्याले जाता येत नाही त जाणारे तरी पाहू," जीवन म्हणाला. "कोणत्या गावचा ट्रक, मागं काय काढलं हाय, सगळं वाचता आलं पाह्यजे. एवढंच."

पहिल्यांदा पिवळी थैली उचलली तेव्हा ती खरोखर सहाशेची होती. जीवननं ती डोळ्याशी नेली. अंकुर मोजू लागला. अकराव्या आकड्याला मनगट थरथरलं, तेराव्याला हात खाली आला. थैली मांडीवर आपटली. जीवननं थैलीवरची धूळ झटकली, ती बाजूला ठेवली आणि तो खाली निघून गेला.

त्या शुक्रवारी तो यवतमाळला गेलाच नाही.

"आज नाही येत," एवढंच म्हणाला. भिंतीकडं तोंड करून पडला. कांताबाई रडल्या, अंकुर चिडला, शिव्या देऊन झाल्या. रविवारी पहाटे त्याला श्वास घेता येईना. कोणाची तरी व्हॅन मागून आणली आणि सत्तर किलोमीटर अंकुरनं त्याला मागच्या सीटवर बसतं धरून नेलं. तोंड, पाय, सगळं सुजलेलं. त्या सत्तर किलोमीटरमध्ये अंकुरनं हिशोब केला: हा पोरगा कॅमेऱ्यासाठी जगून राहिलाय. कॅमेरा हातात धरता येत नाही असं कळलं, की हा पुढच्या शुक्रवारीही येणार नाही.

म्हणून त्यानं कॅमेऱ्यासारखा पट्टा बसवायच्या नावाखाली पिवळी थैली दुकानात आणली आणि पहिल्यांदा उसवली.

कापसात हात मुरलेल्या माणसाला कापूस भरून फसवायला निघाला. दुसरं काही सुचलं नाही. अंकुरच्या सख्ख्या काकाच्या घरी कापूस पडलेलाच होता. घाबरलेला माणूस हाताशी असेल तेच उचलतो.

पुढच्या वेळी स्लॅबवर जीवननं थैली उचलली, तेव्हा अंकुरनं मुद्दाम हायवेकडं पाहिलं. अठरा. एकोणीस. वीस.

"पुरलं बे!" अंकुर ओरडला.

जीवननं थैली खाली घेतली. तळव्यावर एकदा अलगद झुलवली. मग अंकुरच्या तोंडाकडं पाहिलं आणि तोही हसला.

"पुरलं," तो म्हणाला.

कांताबाई अर्धा कप चहा घेऊन जिन्यात आल्या होत्या. जीवनला दिवसाला एक लिटरच्या वर पाणी नाही, त्यात चहाही धरायचा. त्यांनी कप दिला आणि थैली उचलून घेतली. अंकुरचे वेडेवाकडे टाके त्यांना दिसले. बोटांनी त्यांनी थैली दाबली. बोटं थांबली.

"शिवण कोणं उसवली रे बाबू?"

"मी उसवली काकू. पट्टा बसवाले."

त्यांनी पदराला टोचलेली सुई काढली, तिथंच पायरीवर बसल्या आणि अंकुरच्या टाक्यांवरून डबल टाका मारला. घट्ट.

दवाखान्यात सगळ्यात आधी वजन. मागच्या वेळेपेक्षा जेवढं वाढलं, तेवढं पाणी मशीन काढून घेणार. समीक्षा सिस्टर वहीत लिहायची आणि रागवायची.

"जीवन, तीन किलो? विहिरीत तोंड घालून आला का?"

"सिस्टर, तुमचा काटा चुकते."

"मी काटेवाली नाही, तू आहे काटेवाला. झोप गुपचूप."

मग चार तास. उजवा हात दोन सुयांना अडकलेला, म्हणून मोबाइल अंकुर धरायचा आणि जीवन पाहायचा. शेजारच्या पलंगावर कळंबचे बापूजी असायचे. सत्तरीचे. तोंडात दात नाहीत आणि तोंड बंदही नाही.

"हा पाह्य," अंकुर म्हणाला. "साठ एक्स झूम, अन् वजनबी कमी."

"पुढचं बारीक अक्षर वाच."

"ऑप्टिकल तीस. डिजिटल साठ."

"म्हंजे तीसच. डिजिटल झूम म्हंजे लबाडी असते बे. भिंग पुढं सरकत नाही, नुसतं चित्र ताणते. माणूस जिथल्या तिथंच रायते, फक्त मोठा दिसते. मंग पाह्यणाऱ्याले वाटते, आला जवळ."

अंकुरनं बोटानं पान वर सरकवलं.

"काय रे पोट्टेहो," बापूजी म्हणाले, "रोज रोज एवढ्या दुरून कोणाच्या घरात पाह्याचं हाय तुमाले?"

"घरात नाही बापूजी. हायवेवरचे ट्रक."

"ट्रक?" बापूजींनी मान वळवून जीवनला नीट न्याहाळलं. "या उमरीत ट्रक पाह्यते? मले वाटलं पोट्टं बिघडलं असन. हे त पारच सुधरलं!"

सिस्टरसुद्धा हसली. जीवन इतका हसला की मशीन पीं पीं करायला लागलं.

"हिरवी थैली पुरे नं आपल्याले?" हसू ओसरल्यावर अंकुर म्हणाला. "लहान कॅमेरा घेऊ. खिशात मावते. तीस एक्स हाय. तुह्या हाताले झेपन."

"त्याले डोया लावाची खिडकी नाही. पडद्यावर पाहा लागते. मे महिन्यात आपल्या उन्हात पडदा दिसन का? काया ठिक्कर दिसन. मोठ्याले खिडकी हाय." थोडं थांबून तो म्हणाला, "अन् मोठा झेपते नं मले. वीस मोजेपर्यंत."

"झेपते," अंकुर म्हणाला.

त्याच दिवशी डॉक्टरांनी अंकुरला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. पेशंटचे भाऊ का, म्हणाले. अंकुर हो म्हणाला. हृदयाचा पंप कमजोर झालाय, डॉक्टर म्हणाले. ही शेवटची चांगली नस. ती गेली तर मग मानेत नळी, आणि ती किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. आईची किडनी शुगरमुळे घेता येत नाही, दुसरी कोणाची नंबर लागून मिळेपर्यंत वेळ आहे असं मला वाटत नाही. घरच्यांना हळूहळू कल्पना देऊन ठेवा.

"काय म्हणे डॉक्टर?" एसटीत बसल्यावर जीवननं विचारलं.

"काही नाही. रिपोर्ट सेम हाय. पाणी कमी पे म्हणे."

जीवन खिडकीबाहेर पाहत राहिला. घर येईपर्यंत अंकुर मोबाइलमध्ये कॅमेरे दाखवत राहिला. हा नवा आलाय. याचं भिंग चांगलं आहे. याला चार्जर मोबाइलचाच चालतो.

त्याच आठवड्यात पिवळी थैली तीनशे चाळीसची झाली. हात दर आठवड्याला उतरत होता, आणि थैलीही त्याच्या मागोमाग. तीनशे. मग दोनशे सत्तर. प्रत्येक वेळी आधी कांताबाईंचा डबल टाका ब्लेडनं तोडावा लागायचा, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा मारलेला असायचा. एका शुक्रवारी बापूजींच्या पलंगावर एक बाई होत्या. चादर नवी, उशी नवी. जीवननं एकदा तिकडं पाहिलं. सिस्टरनं त्याचं वजन लिहिलं, रागवली मात्र नाही. दोघांपैकी कोणीच काही विचारलं नाही. त्या दिवशी अंकुरनं मोबाइल पुढं धरला तेव्हा जीवनचे डोळे मिटलेले होते. झोप लागलेली नव्हती.

"स्टुडिओवाल्याले फोन कर," डोळे न उघडता तो म्हणाला. "मागव म्हणा. लहान अन् मोठा, दोन्ही."

पुढच्या मंगळवारी डायलिसिस झाल्यावर दोघं त्या स्टुडिओवाल्या नंदकिशोर काकांकडं गेले. बाजारातल्या गल्लीत, वर पायऱ्या. सात पायऱ्या चढताना जीवन दोनदा थांबला. आत एका बाजूला पासपोर्ट फोटोचा पांढरा पडदा, दुसऱ्या बाजूला काचेचं काउंटर. काकांनी दोन खोकी काढून ठेवली आणि एका कापडानं काउंटर पुसलं.

"किती वर्षांनी कोणी कॅमेरा पसंत करायला आलंय," ते म्हणाले. "नाहीतर लोक येतात ते फक्त फ्रेम करायला. बस बेटा, खुर्चीवर बस. प्रवासाला निघालात वाटतं?"

"हो काका," जीवन म्हणाला. "प्रवासालेच."

आधी त्यानं लहान कॅमेरा घेतला. चालू केला. भिंग पुढं आलं, मागं गेलं. खिडकीतून समोरच्या इमारतीवरचं कबूतर पाहिलं. पडद्यावर ऊन पडलं होतं, त्यानं हातानं आडोसा केला. मग तो काउंटरवर ठेवला आणि मोठ्याला हात घातला.

उजव्या हातात पट्टा गुंडाळला. सुया टोचलेल्या जागी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. कॅमेरा उचलला. छातीपर्यंत आला. अंकुर मनातल्या मनात मोजू लागला, त्याला माहीत नव्हतं तो का मोजतोय. हनुवटीपर्यंत आला. चार. पाच. डोळ्यापर्यंत पोचायच्या आधी मनगट मोडल्यासारखं झालं. काकांनी काउंटरवरून झेप घेतल्यासारखा हात पुढं केला आणि कॅमेरा खालून झेलला.

पंखा चालला होता.

"हा थोडा जड पडतो," काका म्हणाले. "लहान चांगला आहे. बरेच लोक तोच..."

"किती वजन हाय याचं काका?"

"बॅटरी धरून... सहाशे पंधरा."

"सहाशे पंधरा," जीवन म्हणाला. "घरी त मी सहाशे ग्रॅम वीस मोजेपर्यंत धरतो. नाही का बे अंकुर?"

अंकुर काचेखालच्या फिल्मच्या रिकाम्या डब्यांकडं पाहत होता.

"आज डायलिसिस झालं नं," तो म्हणाला. "म्हून थकला हात. दुसऱ्या दिवशी येऊ आपण."

"नाही. आजच. तू धर."

"मी?"

"धर म्हणतो नं. डोया लाव. बोट पुरते का बटनावर? कोपर छातीले टेकव, तसं नाही, हां. आता खालच्या चहावाल्याची पाटी वाच."

अंकुरनं वाचली.

"हात हालते का काका याचा?"

"नाही," काका म्हणाले. "छान धरलाय."

"मंग हाच द्या."

"जीवन, ऐक," अंकुरनं कॅमेरा खाली घेतला. "तुले झेपणार नाही हा. लहान घेऊ. तुह्यासाठी घेऊन राह्यलो आपण."

काकांनी बिलबुक काढलं, कार्बन सरळ केला, पेन झटकलं.

"वॉरंटीवर नाव कोणाचं टाकू?"

"अंकुर," जीवन म्हणाला.

काकांनी चष्म्यावरून दोघांकडं पाहिलं.

"कॅमेरा याचा हाय काका. मी फक्त पसंत कराले आलतो."

एसटीत खोकं अंकुरच्या मांडीवर होतं. पांढरकवडा येईपर्यंत जीवन खिडकीला डोकं टेकवून होता आणि अंकुर खोक्यावरची अक्षरं पुन्हा पुन्हा वाचत होता. एकही अर्थ लागत नव्हता.

घरी आल्यावर जीवन म्हणाला, वर चल. जिना चढायला त्याला बराच वेळ लागला. कांताबाईंनी प्लास्टिकची खुर्ची आधीच वर नेऊन ठेवली होती. त्यांनी खोकं पाहिलं, अंकुरच्या तोंडाकडं पाहिलं, आणि काही न विचारता खाली गेल्या. ऊन कलत आलं होतं. हायवेवर ट्रकांचे टप चमकत होते. स्लॅबच्या कोपऱ्यात तिन्ही थैल्या ओळीनं पडलेल्या होत्या.

जीवननं पायानंच पिवळी थैली जवळ ओढली.

"शेवटी कितीची होती?"

अंकुर खोक्यावरची चिकटपट्टी नखानं उचकटत बसला.

"सांग नं."

"दोनशे सत्तर."

"मले अडीचशे वाटली." जीवननं मान हलवली. "वीस ग्रॅमनं चुकलो. हात गेला बे माहा."

"तुले पहिल्यापासून माहीत होतं?"

"आठ सीझन कापूस जोखला मी. अन् तू माह्यापुढं कापूस भरून आणतो." तो हसला, पण ते हसू गालापर्यंत आलं नाही. "पहिल्याच वेळी कळलं. मंग आईनं डबल टाका मारला. म्हटलं, हिलेबी माहीत हाय."

"मंग बोलला काहून नाही?"

"तू 'पुरलं बे' म्हून केवढ्यानं ओरडला होता. आठवते?" जीवन हायवेकडं पाहत म्हणाला. "मले वाटलं, याले एवढं बरं वाटून राह्यलं त वाटू दे. तू माह्यासाठी डाळ काढत होता, मी तुह्यासाठी वीस मोजत होतो. शेवटच्या दोन वेळा त तेबी जड गेलं."

अंकुर खाली बसला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण जे जे सुचत होतं ते सगळं कापसासारखंच होतं.

"रडू नको, भिंगावर पडन," जीवन म्हणाला. "काढ बाहेर. दाखव मले."

अंकुर खुर्चीच्या मागं उभा राहिला. दोन्ही हात जीवनच्या खांद्यांवरून पुढं नेऊन त्यानं कॅमेरा त्याच्या डोळ्यासमोर धरला. जीवननं पुढं वाकून खिडकीला डोळा लावला. त्याचे दोन्ही हात मांडीवर पडून होते.

"आन जवळ. अजून आन. बस."

भिंग गुरगुरत पुढं गेलं. वळणावरून एक ट्रक आला. अंकुरला इथून नुसता ठिपका दिसत होता.

"एचआर. हरियाना," जीवन म्हणाला. "मागं मोर काढला हाय. पिसारा निळा. शेपटीचा रंग उडाला. खाली एक चप्पल बांधली हाय काळी." ट्रक चिंचेमागं गेला. "बटन दाबलं का तू?"

"नाही. मी पाह्यलंच नाही नं."

"राहू दे. पुढचा."

पुढचा तामिळनाडूचा. त्याच्या पुढचा इथलाच, वणीकडचा, तो त्यानं वाचलाच नाही. मग दोन पंजाबचे. जीवन बोलत होता, रंग सांगत होता, दोऱ्या, ताडपत्री, क्लीनरचा वाळत घातलेला टॉवेल. दीड वर्षांत एवढं एका दमात तो बोलला नव्हता. अंकुरचे दंड जळायला लागले. कोपरं खाली येऊ पाहत होती. त्यानं दात दाबून धरले.

"हात दुखला का?" डोळा न काढता जीवननं विचारलं.

"नाही."

जीवननं डोळा काढला. मान वळवून वर पाहिलं. नुसतं पाहत राहिला, गाठोड्याचं टोक उचलून धरल्यासारखं.

"दुखून राह्यला," अंकुर म्हणाला. "लय."

"हां. आता बरोबर जोख आला."

खाली कांताबाई भांडी घासत होत्या, त्याचा आवाज येत होता. जीवननं पिवळी थैली मांडीवर घेतली आणि अंगठ्यानं तिच्यावरचा आकडा चोळत राहिला.

"त्या दिवशी डॉक्टरनं तुले व्हरांड्यात नेलं होतं," तो म्हणाला. "बराच वेळ बोलले. तू एसटीत येऊन मले म्हणाला, रिपोर्ट सेम हाय. अन् मंग पांढरकवड्यापर्यंत कॅमेरे दाखवत बसला."

अंकुरनं कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाभोवती गुंडाळला.

"त्या थैलीत किती कापूस हाय अंकुर?"

वळणावर पुढचा ट्रक दिसायला लागला होता. अंकुरनं कॅमेरा पुन्हा वर उचलला, जीवनच्या डोळ्यापाशी नेला. दंड आता उघड उघड थरथरत होते आणि त्यानं ते लपवले नाहीत.

"हा पाहून घे," तो म्हणाला. "हा चिंचेमागं गेला का सांगतो. सगळं सांगतो. अन् यापुढंबी."

"शप्पथ घे."

"तुही शप्पथ."

"माही नको घेऊ, तिचा काही भरोसा नाही. तुही घे."

जीवननं खिडकीला डोळा लावला. अंकुर मोजायचं विसरला होता.

"माही शप्पथ," तो म्हणाला. "जे हाय ते सांगीन. ग्रॅमभर कमी नाही."